गिटारच्या आधीचा कान

नटवर पारेख कंपाऊंड ही गोवंडीतली पुनर्वसन वसाहत. ६१ इमारती, सुमारे २५ हजार माणसं आणि एकेका कुटुंबाच्या वाट्याला २२५ चौरस फुटांचं घर. शेजारच्या घरात कुकरची तिसरी शिटी झाली की आपल्याच घरातलं कुणीतरी गॅस बंद करायला उठावं, इतकी ही घरं एकमेकांना चिकटलेली. अशा घरात गिटार शिकायची म्हटली तर पैसे लागतात, चिकाटी लागते, हे खरंच. पण त्याआधी आवाजाचा प्रश्न येतो. रात्री दहानंतर एखादी कॉर्ड जरा जोरात छेडली की वरच्या मजल्यावरून लादीवर लाटणं आपटल्याचा आवाज येतो.

नेमक्या याच पेचात अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातला एक कामगार सापडला होता. त्याचं नाव वेस माँटगोमेरी, जन्म १९२३चा. दिवसा तो कारखान्यात राबायचा आणि रात्री क्लबात वाजवायचा. ऐन विशीत चार्ली ख्रिश्चन या जॅझ गिटारवादकाच्या रेकॉर्ड ऐकून तो वेडावला. त्याने इलेक्ट्रिक गिटार आणि अॅम्प्लिफायर घरी आणला आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली. मग त्याने तारा छेडायची पट्टी बाजूला ठेवली आणि उजव्या अंगठ्याच्या मांसल भागाने तारा छेडून पाहिल्या. आवाज दबला, पण नुसता दबला नाही, गोल झाला. लोण्यातून सुरी फिरावी तसा. १९५९ साली रिव्हरसाइड कंपनीने त्याला करारबद्ध केलं, तेव्हा शेजाऱ्यांच्या धाकाने लागलेली ही सवय त्याची ओळख होऊन बसली होती. जॅझ गिटार शिकणारी पोरं आजही तो अंगठा गिरवत बसतात.

गिटारवादक घडतो कसा, हे सांगणारी पुस्तकं बहुतेक वेळा बोटांचे व्यायाम सांगतात. वादकांची आयुष्यं बघितली तर वेगळंच चित्र दिसतं. गिटार हाती यायच्या आधी त्या घरात काय वाजत होतं, वडील काय करत होते, भिंती किती जाड होत्या, यावर पुष्कळसं ठरून गेलेलं असतं. सतार शिकणाऱ्याला घराणं मिळतं, त्याबरोबर गुरू, बंदिशी आणि हात ठेवायची रीतही मिळते. आपल्याकडे गिटार शिकणाऱ्याला यातलं काहीच आयतं मिळालं नाही. तो व्हायोलिनवरून आला, मेंडोलिनवरून आला, सरोद ऐकत वाढला, चर्चच्या गायनवर्गातून आला किंवा गझल गातागाता गिटारवर येऊन थांबला. आणि जिथून आला, ते त्याच्या वाजवण्यात शेवटपर्यंत ऐकू येत राहिलं.

*

आधी वाद्य जरा जवळून बघू. सहा तारा आणि दांडीवर ठोकून बसवलेले धातूचे पडदे. वाजवणारे त्यांना फ्रेट म्हणतात. तारेची मोकळी लांबी साधारण ६५ सेंटिमीटर. पहिला फ्रेट या लांबीचा जवळपास अठरावा भाग सोडून बसतो, दुसरा उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून, असं करत बारावा फ्रेट बरोबर मध्यावर येतो आणि तिथे वरचा सा मिळतो. म्हणजे सप्तकाचे बारा सारखे तुकडे कारखान्यातच पाडून ठेवलेले. पाश्चात्त्य संगीताला ही मोठी सोय. एकाच वेळी तीन-चार स्वर दाबले की कॉर्ड तयार होते आणि ती कुठल्याही पट्टीत सारखीच वाजते.

आपल्या कानाला मात्र इथेच ठेच लागते. दरबारी कानड्याचा गंधार दोन फ्रेटच्या मधे कुठेतरी झुलत असतो. मींड घ्यायची तर सतारीवर पडदे उंच आणि वळलेले असतात, तार आडवी खेचून चार-पाच स्वर वर नेता येतं. गिटारवर तेवढी जागाच नाही. दोन स्वर खेचताना नवशिक्याच्या बोटाची साल निघते.

यातून वाट सापडली ती हवाई बेटांवर. १८८९च्या सुमाराला जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने रेल्वेच्या रुळाजवळ सापडलेला लोखंडी बोल्ट गिटारच्या तारांवरून घसरवून पाहिला, अशी कथा सांगतात. कथा थोडी गोड करून सांगितलेली असेल, पण वाद्य खरंच बदललं. गिटार मांडीवर आडवी झाली, तारा दांडीपासून उंच उचलल्या गेल्या, फ्रेट नुसते नावाला उरले आणि डाव्या हातात पोलादी कांडी आली. स्वर आता पायऱ्या चढेना, घसरगुंडीवरून येऊ लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हवाईयन वादकांच्या मंडळ्या आशियाभर फिरल्या. त्यातला ताऊ मो हा वादक तर १९४०च्या दशकात बरीच वर्षं सहकुटुंब कलकत्त्यातच राहिला. बंगाली घरांमध्ये हार्मोनियमच्या शेजारी हवाईयन गिटार ठेवली जाऊ लागली ती याच काळात. मींडेसाठी आसुसलेल्या कानाला फ्रेटला न अडणारी गिटार मिळाली, मग तो ती सोडतो कशाला?

लखनौच्या मेथडिस्ट ख्रिस्ती कुटुंबातले वॅन शिपले हे या वाटेवरचं पहिलं मोठं नाव. जन्म १९२७चा. ते व्हायोलिन वाजवत आणि इलेक्ट्रिक गिटारही. मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे त्यांनी धडे घेतले होते. मुंबईत येऊन ते चित्रपटांच्या वाद्यवृंदात रुळले, पण त्यांची खरी कमाई म्हणजे चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या रेकॉर्ड. गाण्याचे शब्द काढून टाकायचे आणि गायकाचा गळा गिटारवर उतरवायचा. यात त्यांना जोडीदार मिळाला तो पुण्याचा, अॅकॉर्डियनवादक एनॉक डॅनियल्स. शिपल्यांनी स्वतःसाठी जादा तारांची गिटार बनवून घेतली होती. मैहरचा कान सहा तारांत मावेना, हे त्यामागचं साधं कारण.

ज्या काळात या रेकॉर्ड लग्नाच्या मांडवात आणि इराण्याच्या हॉटेलात वाजत होत्या, त्याच काळात गोवंडीहून चेंबूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आजच्या वि. ना. पुरव मार्गावर, आर. के. स्टुडिओ उभा होता. १९४८ साली राज कपूर यांनी सुरू केलेल्या या संस्थेच्या बोधचिन्हात नायकाच्या एका हातात नायिका आहे आणि दुसऱ्या हातात व्हायोलिन. गिटार नाही. १९४९च्या ‘बरसात’मधली ती प्रतिमा. २०१७ साली स्टुडिओला आग लागली आणि पुढे ती जागाही विकली गेली. हिंदी सिनेमातल्या नायकाच्या हातात व्हायोलिनच्या जागी गिटार यायला ‘बरसात’नंतर बरीच वर्षं लागली. ‘यादों की बारात’ (१९७३) आणि ‘कर्ज’ (१९८०) येईपर्यंत मात्र गिटार म्हणजे तारुण्य हे समीकरण पक्कं झालं होतं.

*

जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा यांची गोष्ट या प्रकरणात मधोमध ठेवावी अशी आहे. वडील सतारवादक इनायत खाँ यांचे शिष्य. भाऊ दामोदरलाल सरोद वाजवायचे, उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे शिकलेले. खुद्द ब्रिजभूषण यांचं शिक्षण भूगर्भशास्त्राचं. कलकत्त्यात त्यांनी हवाईयन गिटार ऐकली आणि ती विकत घेऊन घरी आणली. सतार-सरोदच्या घरात हे परदेशी खेळणं आल्यावर वडिलांनी अट घातली, की वाजवायची तर यावर फक्त शास्त्रीय संगीत. ही अट काब्रांनी आयुष्यभर पाळली. पुढे तेही अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य झाले.

इथे लक्ष द्यावं असं काहीतरी घडलं. काब्रांनी गिटारला चिकारीच्या तारा जोडल्या, ती मांडीवर घेतली आणि तिच्यावर सरोदचा आलाप आणि जोड वाजवला. १९६७ साली शिवकुमार शर्मा यांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्याबरोबर त्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही रेकॉर्ड केली. काश्मीरच्या दरीतला एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत रागांतून मांडायचा, अशी तिची कल्पना. संतूर, बासरी आणि गिटार ही तिन्ही वाद्यं तेव्हा मैफलीच्या दारात चप्पल काढून उभी होती. आत बोलावणं नुकतंच आलेलं. भारतीय संगीताच्या जगात सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या रेकॉर्डमध्ये ती आज मोजली जाते. ऐकताना निम्म्या लोकांना यातली गिटार ओळखू येत नाही. त्यांना ते कुठलं तरी आपलंच वाद्य वाटतं. काब्रांच्या वडिलांना याहून मोठी पावती काय हवी होती!

जयपूरचे विश्वमोहन भट्ट त्याच रस्त्याने पुढे गेले. त्यांनी तरफांसह वीसेक तारांची मोहनवीणा घडवली आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर याच्याबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या अल्बमसाठी १९९४चं ग्रॅमी मिळवलं.

*

दुसरी वाट समुद्राच्या बाजूने आली. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना सोल्फेज शिकवलं जायचं. कागदावरचा स्वर डोळ्यांनी वाचायचा आणि तोंडाने म्हणायचा. त्यासोबत व्हायोलिन. मांडो गाताना घुमट, व्हायोलिन आणि गिटार एकत्र बसायची. हे वाचता येणारं संगीत घेऊन गोवेकर मुंबईत उतरले आणि धोबीतलावच्या कुडांमध्ये राहिले. कूड म्हणजे एकेका गावाच्या लोकांनी चालवलेली राहायची जागा, भिंतीला लागून रचलेल्या ट्रंका आणि कोपऱ्यात देव्हारा. जवळच जेर महालात फुर्तादोजचं दुकान, १८६५पासूनचं. वाद्यं, तारा, छापील स्वरलिपी सगळं तिथे.

चित्रपटसंगीताला ही माणसं लागलीच. संगीतकार हार्मोनियमवर चाल गाऊन दाखवायचा, पण पन्नास वादकांना एकाच वेळी काय वाजवायचं हे सांगायला कागद लागतो. तो कागद लिहायला सी. रामचंद्र यांना चिक चॉकलेट सापडले, शंकर-जयकिशन यांना सेबॅस्टियन डिसोझा. गोवेकरांखेरीज, मुंबईचे मूळ रहिवासी असलेले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, ज्यांची गावठाणं चेंबूर-ट्रॉम्बेकडेही होती आणि ज्यांच्या घरची बोली मराठीच, त्यांच्या लग्नात उंबराचं पाणी आणायला आजही बँड लागतो. थोडक्यात, हार्बर लाइनच्या या टोकालासुद्धा गिटारचा आवाज काही परका नव्हता.

पण गोवेकर वादक म्हटलं की लोकांना ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन आठवतं. गिटारवाला आठवायचा तर अमान्सिओ डिसिल्वा आठवावा. आणि त्याला आठवणारे आपल्याकडे फार थोडे, ही खरी हळहळ.

तो १९३६ साली मुंबईत, गोवेकर आईबापांच्या पोटी जन्मला. गिटार बरीचशी स्वतःच शिकला आणि जॅझमध्ये शिरला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींना त्याचं वाजवणं इतकं आवडलं की त्यांनी त्याला चांगली गिटार घेऊन दिली. बायको जॉइस आयरिश. मुलगा स्टेफानो आजारी होता, त्याच्या उपचारांसाठी १९६७ साली हे कुटुंब लंडनला गेलं. तिथे निर्माता डेनिस प्रेस्टनने त्याला हेरलं. १९६९ साली त्याचे दोन अल्बम झाले. ‘इंटिग्रेशन’ हा त्यातला एक. दुसरा जमैकाच्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबरचा ‘हम दोनो’. मुंबईत वाढलेला गोवेकर आणि जमैकातून आलेला काळा माणूस लंडनच्या स्टुडिओत बसून रेकॉर्ड करतात आणि तिचं नाव हिंदीत ठेवतात! त्या रेकॉर्डवर एक रचना आहे स्टेफानोच्या नावाची, एक गोव्याच्या नावाची, एक जयपूरच्या.

डिसिल्वाच्या गिटारमध्ये अमेरिकन जॅझची चाल आहे, पण सूर धरून ठेवायची त्याची रीत वेगळी. तो एका तारेचा स्वर खाली गुंजत ठेवतो आणि वर दुसऱ्या तारेवर आलाप घेतल्यासारखा सरकत जातो. कॉर्ड बदलायची घाई त्याला नसते. जॅझच्या जाणकारांना हे नवं वाटलं. तंबोऱ्याखाली वाढलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटेल. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ‘कोकण डान्स’ नावाचा अल्बम ध्वनिमुद्रित केला. तो बाजारात आला २००६ साली. तोवर डिसिल्वाला जाऊन दहा वर्षं झाली होती. ध्वनिमुद्रणानंतरची वर्षं त्याने लंडनमध्ये शिकवण्यात काढली होती. मराठीत कोकणावर इतकं लिहिलं गेलं, पण लंडनमध्ये बसून कोकणाच्या नावाने जॅझ वाजवणाऱ्या या माणसाबद्दल दोन ओळी शोधायच्या तर दिवा घेऊन फिरावं लागतं.

*

चित्रपटाच्या स्टुडिओतला गिटारवादक हा आणखी वेगळा प्राणी. त्याला सकाळच्या शिफ्टमध्ये गझलेमागे हलकी कॉर्ड सोडायची असते, दुपारी कॅब्रेला धार द्यायची असते आणि संध्याकाळी भजनात मेंडोलिन वाजवायचं असतं. ही लवचीकता जिथून येते तेही घरच. गोरख शर्मा हे संगीतकार प्यारेलाल यांचे धाकटे भाऊ. वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवायचे आणि मुंबईतल्या कितीतरी मुलांना संगीत शिकवायचे. गोरख आधी मेंडोलिन शिकले, मग अनिबाल कास्त्रो यांच्याकडे गिटार. मेंडोलिनच्या बारीक, जोडतारांवर पट्टी भरभर हलवायची सवय असलेला हात गिटारवर आला की काय होतं, ते ‘कर्ज’मधल्या गाजलेल्या गिटारच्या धूनमध्ये ऐकावं. एकेक स्वर टाचणीसारखा टोचतो. पडद्यावर गिटार ऋषी कपूरच्या गळ्यात होती. वाजवणारा हात गोरख यांचा.

भूपिंदर सिंग यांचं उलटं. त्यांना गायक म्हणून सगळे ओळखतात. अमृतसरला १९४० साली जन्म, वडील संगीतशिक्षक आणि शिस्तीला इतके कडक की मुलाला लहानपणी संगीताचाच तिटकारा आला. पुढे दिल्ली आकाशवाणीवर गिटार वाजवता-गाता मदनमोहन यांच्या कानी पडले आणि १९६४च्या ‘हकीकत’मध्ये गाऊन गेले. पण राहुलदेव बर्मन यांनी त्यांच्या बोटांचाही पुरेपूर उपयोग केला. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधल्या सर्वात गाजलेल्या गाण्याची सुरुवात ज्या गिटारने होते, ती त्यांची. ‘यादों की बारात’मध्ये पेल्याच्या किणकिणाटानंतर येणारी गिटारही त्यांचीच. गायकाने वाजवलेली गिटार श्वास घेते. दोन तुकड्यांच्या मधे तो जागा सोडतो, कारण गाताना तिथे दम घ्यावा लागतो हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. भूपिंदर यांनी स्वतःच्या गझलांत स्पॅनिश गिटार आणि बेस आणला, तो याच भरवशावर.

चरणजित सिंग यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्टुडिओत गिटार आणि बेस वाजवणारे हे गृहस्थ. १९८२ साली त्यांनी तीन जपानी इलेक्ट्रॉनिक यंत्रं जोडली आणि दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक रेकॉर्ड काढली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. शिकागोत अॅसिड हाउस नावाचं संगीत सुरू झाल्याचं १९८७पासून मानतात. २०१० साली ही रेकॉर्ड पुन्हा बाजारात आली तेव्हा जगभरचे डीजे चक्रावले, की हे तर पाच वर्षं आधीच मुंबईत वाजून गेलं होतं! अॅसिड हाउस हे नावही चरणजितना माहीत नव्हतं. ते आपले राग वाजवत होते.

*

रॉक वाजवणाऱ्या पोरांना कुणी गुरू नव्हता, घरात परंपरा नव्हती. त्यांच्याकडे कॅसेट होती. टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचं, चार सेकंद ऐकायचं, मागे फिरवायचं, पुन्हा ऐकायचं. टेप ताणली गेली की पट्टी अर्ध्या सुराने उतरायची आणि पोरं तेच बरोबर समजून बसवायची. गिटार बहुधा कलकत्त्यात बनलेली, दांडीपासून तारा इतक्या वर की एफची बार कॉर्ड धरताना मनगटात कळ यायची. मुंबईच्या दमट हवेत तारा महिन्याभरात गंजायच्या. नव्या तारा घ्यायला पैसे नसले की जुन्याच काढून उकळत्या पाण्यात टाकायच्या आणि पुसून पुन्हा चढवायच्या. दोन दिवस त्या नव्यासारख्या वाजतात.

याच जगातून १९८४ साली ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. मुख्य गिटार महेश तिनईकर यांची. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला आणि या पोरांना हक्काचा प्रेक्षक मिळाला. कूड जिथे होते त्याच धोबीतलावात, हे सहज लक्षात आलं म्हणून सांगितलं. १९९३ साली बँडचं नाव ‘इंडस क्रीड’ झालं, स्वतःची गाणी आली, नंतर दीर्घ मौन आणि मग २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम.

एहसान नूरानी हे मुंबईत बिस्मार्क रॉड्रिग्ज यांच्याकडे शिकले, मग लॉस एंजेलिसच्या म्युझिशियन्स इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि परत येऊन शंकर-एहसान-लॉय या त्रिकुटात हिंदी सिनेमाला ब्लूजची चव दिली. त्रिकुटातल्या लॉय मेंडोन्सा यांचा पुतण्या वॉरन मेंडोन्सा २००७ पासून ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ नावाने शब्दांशिवायचं गिटारसंगीत करतो. आणि मोहिनी डे, जन्म १९९६चा. वडील सुजय डे स्टुडिओत बेस गिटार वाजवणारे. पोरगी तीन वर्षांची असताना त्यांनी तिच्या हातात बेस दिला. अकरा-बाराव्या वर्षी ती मोठ्या वादकांत बसू लागली, पुढे संगीतकार ए. आर. रहमान यांच्याबरोबर आणि स्टीव्ह वाय या अमेरिकन गिटारवादकाबरोबर वाजवून आली. आपल्याकडे तबलजीच्या घरात पोरगं चालायच्या आधी बोल म्हणतं, त्यातलाच हा प्रकार. फक्त वाद्य वेगळं आणि पोरगं नव्हे, पोरगी.

घराइतकंच कधीकधी शरीरही शिकवतं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. गिटार संपली असं त्याने धरलं होतं. तेव्हा कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगो हा फ्रान्समधला रोमा जमातीचा वादक. १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने युरोपातला जॅझ पेलला. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा चढवल्या, पुढे त्या सैल करून सूरही खाली उतरवला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा तो जड, काळोखा आवाज, ज्यातून हेवी मेटल जन्मलं, तो या सैल तारांचा. गोवंडीतल्या शिवाजीनगर-बैंगनवाडीकडे भंगार फोडणाऱ्या आणि जरीकाम करणाऱ्या कितीतरी पोरांची बोटं अशीच जायबंदी असतात. तिथल्या एखाद्या फोरमनकडे कुठली रेकॉर्ड असेल?

*

गोवंडीच्या आधीचं स्टेशन चेंबूर. शंकर महादेवन तिथले. लहानपणी वीणा शिकले, नंतर श्रीनिवास खळे यांच्याकडे गाणं. इकडे इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा जॉन मॅकलॉक्लिन, आई व्हायोलिन वाजवणारी, स्वतः आधी पियानोवर आणि मग अकराव्या वर्षी गिटारवर आलेला. रॉक-जॅझमध्ये नाव झाल्यावर तो अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्यापुढे वीणा शिकायला बसला. मग त्याने खास गिटार बनवून घेतली. दोन फ्रेटच्या मधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, म्हणजे तार खाली दाबूनही गमक घेता येईल. शिवाय ध्वनिछिद्रावरून तिरप्या नेलेल्या सात जादा तारा. काब्रांनी आणि शिपल्यांनी ज्या कारणासाठी जादा तारा जोडल्या, त्याच कारणासाठी. ही गिटार घेऊन १९७०च्या दशकात त्याने झाकिर हुसेन आणि एल. शंकर यांच्याबरोबर ‘शक्ती’ हा गट केला. फेब्रुवारी २०२४मध्ये ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला ग्रॅमी मिळालं, तेव्हा त्या गटाचे गायक होते शंकर महादेवन. वीणा शिकलेला चेंबूरचा गायक आणि वीणा शिकलेला यॉर्कशरचा गिटारवाला.

गोवंडीत सध्या गिटारपेक्षा माईक पुढे आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये नटवर पारेख कंपाऊंडमध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल भरला. वस्तीतल्याच मुलामुलींनी तिथे चित्रं, नाटक, छायाचित्रं आणि रॅप केलं. रॅपची पसंती समजण्यासारखी आहे. मोबाइलवर बीट मिळते, शब्द आपले, आणि सराव जिन्यात उभं राहूनही होतो. गिटारला खोली लागते, शेजाऱ्यांची मर्जी लागते आणि बोटांच्या टोकांवर घट्टे पडेपर्यंत काही आठवडे निमूट सोसावं लागतं. पण रॅप करणाऱ्या पोराच्या जिभेवर एव्हाना ताल बसलेला असतो, मोहरमचे नौहे, कव्वाली, भीमगीतं आणि गणपतीतली ढोलकी कानात असते. यातला एखादा उद्या सेकंडहँड गिटार घेऊन आला, तर तो कोऱ्या हाताने येणार नाही.

रात्री वाजवायची एक साधी युक्ती मात्र त्याला लागेल. जुन्या बनियनची किंवा टॉवेलची घडी करायची आणि गिटारच्या घोडीजवळ तारांखाली सरकवायची. स्वर तोच राहतो, पण तार जास्त वेळ कंपत नाही. टप्, टप्, असा बुटका आवाज येतो, जेमतेम खाटेपर्यंत पोचणारा. मग पट्टी ठेवून द्यायची आणि अंगठ्याने वाजवायचं. वर लाटणं आपटत नाही.